माळेवरचं कापड

झोळी हलायची थांबली तसा मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. खिडकीच्या गजाला बांधलेल्या माझ्याच जुन्या साडीच्या झोळीत ओवी झोपली होती. कापडाआडून तिचं पोट वर-खाली होताना दिसेपर्यंत मी बघत राहिले, मग पुन्हा डोळा भिंगाला लावला. बाहेर शाळेच्या मैदानात कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारत होतं.

“झालं का?” हरदास सर दारातून म्हणाले. “पालखी दहाला निघणार. भाऊसाहेब येतीलच आता माळ न्यायला.”

“सर, माळ नाही देता येणार.”

“एक तास, अनुजा. गावातून एक फेरी, की परत.”

“मारुतीच्या देवळापर्यंतसुद्धा टिकणार नाही ती. तुम्हालाही माहीत आहे.”

सर आत आले आणि बाकावर बसले. दुसरीच्या वर्गातला बाक होता तो, त्यांचे गुडघे छातीपाशी आले. मेच्या सुट्टीपुरती आडगव्हाणची जिल्हा परिषद शाळा आम्हाला मिळाली होती. गावाबाहेर नदीच्या अंगाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड होतं, तिथे सरांचं उत्खनन चाललं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, चुली, धान्याच्या कणग्यांचे ओटे. आणि एका घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. मडक्यांत तान्हं मूल.

त्या काळी लोक लहान मुलांना गावाबाहेर नेत नसत, घरातच पुरत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं. मडकं उघडलं त्या दिवशी मी ओवीला टेकाडाच्या आसपासही आणलं नाही, आणि संध्याकाळी तिला अंघोळ घालताना तिच्या बरगड्यांवरून हात फिरवताना मला धड पाणी ओतता येईना.

मुलाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. हिरवीगार पडलेली. माझं काम त्या माळेवर होतं, कारण मी शिकले होते कापड, आणि माळेवर कापड होतं. कापड जमिनीत कुजून जातं, आपल्याकडे तर चार पावसाळ्यांत. पण तांबं गंजताना जो हिरवा थर धरतं, त्यात लगतचा कापडाचा तुकडा अडकला तर किडी-बुरशीला तो खाता येत नाही. नखाएवढा तुकडा उरतो. ताणा दिसतो, बाणा दिसतो, सुताचा पीळ दिसतो. मात्र हातात घेतला की भुगा. म्हणून माळ तिच्याखालच्या मातीच्या ढेपेसकट परातीत ठेवली होती आणि परातीभोवती ओल्या फडक्यांची चुंबळ होती. त्या परातीला मी आणि सर सोडून कुणीही हात लावायचा नाही, असा नियम सरांनीच केला होता.

मग सरांनी एका वार्ताहराला सांगितलं, की तांबं त्या काळी फार महाग, तेव्हा मूल सधन घरातलं असावं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सधन’चं ‘राजघराणं’ झालं. तिसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला: ‘राजकुमार नगरी आडगव्हाणमध्ये आपले सहर्ष स्वागत’. फ्लेक्सवर भाऊसाहेब वाबळ्यांचा फोटो एवढा मोठा, कोपऱ्यात आमची दोन मडकी, आणि खाली राजकुमाराच्या पालखीची तारीख. टेकाड भाऊसाहेबांच्या मालकीचं. टँकर त्यांचा, शाळेच्या किल्ल्या त्यांनी मिळवून दिलेल्या.

“कायदा आपल्या बाजूनं आहे, सर. अशी वस्तू मिरवणुकीत नेता येत नाही.”

“कायदा पुण्यात आहे,” सर म्हणाले. “टेकाड इथे आहे. मला अजून चार हंगाम लागणार आहेत त्या टेकाडावर. आज नाही म्हटलं तर उद्या कुदळ बंद.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “आणि मी शब्द दिलाय.”

मी उठले. “एकदा बघा तरी, सर. मग द्यायची तर द्या.”

त्यांनी डोळा लावला. मी परात केसभर सरकवत गेले. “हे पहिलं. कापूस आहे, बारीक सूत. आता हे शेजारचं बघा, जाडंभरडं. आणि हे तिसरं कापूसच नाही, जवसाचा धागा आहे. आणि इथे पीळ उलटा आहे. एका घरात सूत कातणारी बाई एकाच बाजूला पीळ देते. ही वेगवेगळ्या घरची कापडं आहेत.”

“वेगवेगळी कापडं म्हणजे उलट श्रीमंतीच की.”

“नवी असती तर. ही विरलेली आहेत. वापरून वापरून मऊ झालेली. आणि जोडलीयेत, हे टाके बघा. प्रत्येक जोडावरचा हात निराळा. एक बाई लांब टाका घालते, दुसरी अगदी जवळजवळ.”

सर बराच वेळ बघत राहिले. मग डोळा न काढताच म्हणाले, “तुमचं म्हणणं काय?”

“माझ्या आईच्या धाकट्या भावाचं नाव दगडू होतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. आजीनं पाच घरी जाऊन कापडाचे तुकडे मागून आणले आणि त्याचं अंगडं शिवलं. ज्या बाईनं तुकडा दिला तिनंच आपला टाका घालायचा. म्हणजे मूल एकट्या आजीचं राहिलं नाही. सर, हे मागून आणलेलं अंगडं आहे. हा राजकुमार नाही.”

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. “बरोबर असेल तुमचं,” ते हळूच म्हणाले. “पण हे भाऊसाहेबांसमोर बोलू नका. निदान आज नको.”

मी काही म्हणणार तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

भाऊसाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते, कपाळाला गुलाल. त्यांच्या मागे चार-पाच माणसं, त्यांच्याही मागे ताशाचा आवाज. आणि भाऊसाहेबांचा दंड धरून त्यांची आई. तिला सगळं गाव जिजी म्हणायचं. नऊवारी लुगडं, हातात काठी, कानांत वजनदार बुगड्या. एका माणसाच्या हातात ताट, ताटात नारळ, खण आणि घडी घातलेला जरीचा पितांबर.

“रामराम सर. रामराम मॅडम. जिजीला दर्शन घ्यायचं म्हणली. म्हणलं मिरवणुकीत गर्दी व्हईल, आधीच घे.” भाऊसाहेबांनी पितांबर उचलला. “हा येवल्याहून आणलाय. ह्याच्यावर माळ ठेवायची आन् वर काचेची पेटी. काय? इज्जतीत न्यायचं राजाच्या पोराला.”

“भाऊसाहेब,” सरांनी सुरुवात केली, “माळ जरा नाजूक आहे—”

“आमी काय गोफणीत घालून नेतोय का? फुलावानी नेऊ.”

दारातली माणसं हसली. ती हळूहळू आत सरकत होती, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मी झोळीकडे बघितलं. झोळी त्यांच्या आणि माझ्या मधे होती. ओवीजवळ इतकी अनोळखी माणसं आजवर आली नव्हती. तिच्या आजीनं तिला घेतलं तरी मी शेजारी हात पुढे करून उभी राहायचे.

“ती न्यायची नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. “हलवली तर कापड पडेल.”

“कसलं कापड? माळ हाय ती.”

“माळेवर कापड आहे. ते कापड सांगतं, की हा राजकुमार नाहीये.”

सर म्हणाले, “अनुजा.”

“नाहीये, सर. घरोघरून मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं आहे त्याच्या अंगावर.”

ताशाचा आवाज बाहेर चालूच होता. भाऊसाहेबांनी पितांबर सावकाश ताटात ठेवला.

“मागून आणल्याल्या चिंध्या,” ते म्हणाले. “म्हंजी भिकाऱ्याचं पोर. असंच ना?”

“मी भिकारी नाही म्हणाले.”

“मग काय म्हणल्या? आख्खा तालुका बोलावलाय मी. आमदार निघालेत घरून. आन् तुमी पुण्यावरून येऊन आमच्या मातीतल्या पोराला चिंध्या नेसवताय? सर, तुमी सोता सांगितलं का नाही पेपरवाल्याला, मोठ्या घरचं हाय म्हणून?”

“तो प्राथमिक अंदाज होता, भाऊसाहेब.”

“अंदाज! टँकर अंदाजानं येत नव्हता माझा.” ते टेबलाकडे वळले. “द्या ती परात. आन् उद्यापास्नं टेकाडावर कुदळ न्हाई. बास झालं.”

मी परातीपुढे उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप तिथे गेले. आणि त्याच क्षणी ओवीनं टाहो फोडला. दोन्ही एकदम सांभाळता येईना. मी झेप घेऊन तिला उचललं, कडेवर घेतलं आणि पुन्हा टेबलापाशी आले. ती घामेजली होती, पाय झाडत होती. भाऊसाहेबांचा हात परातीच्या काठावर पोचला होता.

“मॅडम, सरका. लेकराला घेऊन उन्हात जाऊ नका, पण सरका.”

“भाऊसाहेब, हात काढा,” सर म्हणाले. सरांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “फुटलं तर परत मिळणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही.”

भाऊसाहेबांनी हात काढला नाही. परात उचललीही नाही. दारातून कुणीतरी म्हणालं, “उचला भाऊसाहेब, आपलीच जागा हाय.” दुसऱ्यानं मोबाइल उंच धरला होता.

“पोरीला तीट न्हाई लावली?” जिजीनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही ती माझ्याशी बोलतेय. ती काठी टेकत जवळ आली होती आणि ओवीचं तोंड निरखत होती. “एवढी गोरीगोमटी पोर, आन् गालाला काजळाचा ठिपका न्हाई?”

“आहे,” मी म्हणाले. लाज वाटली, सरांसमोर. मी एमएस्सी झालेली, कापडावर प्रबंध लिहिणारी. “तळपायाला आहे.”

“तळपायाला? दिसायचं न्हाई म्हणून?”

“हो.”

“लपवून व्हय,” जिजी म्हणाली आणि ओवीचा पाय बोटांत धरून बघितला. ठिपका सकाळचा होता, जरा फिसकटलेला.

लपवून. मी सकाळपासून कापड कशाचं हे बघत होते. कापड कुठे आहे हे बघितलंच नव्हतं.

“भाऊसाहेब, दोन मिनिटं द्या,” मी म्हणाले. “मग तुम्ही म्हणाल तसं. जिजी, हिला घ्या.”

आणि मी ओवी तिच्या हातात दिली. त्याआधी मी असं कुणाला कधी दिलं नव्हतं. जिजीनं काठी मुलाकडे फेकली आणि दोन्ही हातांनी तिला उरी धरलं. काठी झेलायला भाऊसाहेबांना परातीवरचा हात काढावा लागला.

मी भिंगाखाली माळेची कड आणली. मण्यांच्या वरच्या अंगाला कापड. सगळ्या मण्यांच्या वरच्याच अंगाला. आरसा फिरवून उजेड बाजूनं घेतला, मातीच्या ढेपेत दात कोरायच्या काडीनं अगदी थोडं पोखरलं. खालचं अंग गुळगुळीत होतं. तिथे कापडाचा मागमूस नाही. म्हणजे माळ कापडावर घातलेली नव्हती. ती आत होती, अंगाला लागून, आणि तिच्यावरून अंगडं. शेवटच्या मण्यापाशी अंगड्याची गळपट्टी उरली होती. ती मण्यावरून आत दुमडली होती, आणि दुमड टाक्यांनी शिवून टाकली होती. कुणी मुलाला उचललं, मांडीवर घेतलं, तरी मणी दिसू नयेत.

ओवी रडत होती का, हे मी त्या वेळात एकदाही बघितलं नाही. हे मला नंतर आठवलं आणि नवल वाटलं.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “मूल मोठ्या घरचंच आहे.”

भाऊसाहेबांनी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे.

“तांबं आत आहे. अंगाला लागून. इतकी महाग माळ, पण ती बाहेर दिसू नये म्हणून वरून चिंध्यांचं अंगडं, आणि गळ्यापाशी दुमडून शिवलंय. बघा तुम्ही, सर.”

सरांनी बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला.

“मंग झालं तर,” भाऊसाहेब म्हणाले. “म्हंजी राजाचंच. न्यायला काय अडचण?”

“श्रीमंताचं आहे, भाऊसाहेब. पण ते कुणाला कळू नये अशी त्याच्या आईची धडपड होती. सगळ्यांनी त्याला मागून आणलेलं, कुणाचंच नसलेलं पोर समजावं. मूल गेल्यावरसुद्धा त्यांनी ते अंगडं काढलं नाही. तसंच पुरलंय.”

“कुणापास्नं लपवत व्हती?”

“आधीची ज्यानं नेली त्याच्यापास्नं,” जिजी म्हणाली.

ती बाकावर बसली होती. ओवी तिच्या बुगडीला हात घालत होती आणि ती मान तिरकी करून तिला घालू देत होती.

“तुज्या आधीचे तिघं गेले माजे,” ती मुलाला म्हणाली. “वाबळ्याच्या वाड्यावर दुधातुपाला कमी नव्हती, तरी गेले. तुला घुगऱ्या वाटल्या न्हाईत. थाळी वाजवली न्हाई. पाच घरी फिरले पदर पसरून आन् अंगडं शिवलं तुला. सोन्याची साखळी तुज्या बापानं आणली, ती मी आतून घातली, वर चिंध्या. धोंडीराम नाव ठिवलं.”

दारातल्या माणसांत कुणीतरी खाकरलं. भाऊसाहेबांचं नाव धोंडीराम आहे हे बहुतेक निम्म्यांना ठाऊक नसावं. पत्रिकेवर ‘माननीय भाऊसाहेब’ एवढंच छापलेलं होतं.

“जिजी, हे आत्ता कशाला—”

“आत्ताच. पाच घरं कोणची, ते तू कदी इचारलं न्हाईस. मी सांगितलं न्हाई. ओढ्यापल्याडची व्हती, समदी. ज्यांना आज पालखीला खांदा लावू देणार न्हाईस म्हणं, त्यांची. त्यांच्या म्हाताऱ्यांचे टाके व्हते तुज्या अंगावर.”

ताशा थांबला. कुणी थांबवला कोण जाणे. दारातली माणसं एकमेकांकडे न बघता मागे सरली, मोबाइल खाली गेले.

भाऊसाहेब काठी हातात धरून उभे होते, ती आपल्या हातात कशी आली हे न उमजल्यासारखे. मला वाटलं आता ते ओरडतील. शेवटी म्हणाले, “आमदाराला काय सांगू मी?”

“पितांबर ने. नारळ ने. गुलाल उधळ,” जिजी म्हणाली. “पोराला न्हाई न्यायचं. त्याच्या आईनं एवढं झाकून ठिवलं, आन् तू काचंच्या पेटीत मिरवणार व्हय?”

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. ताट स्वतः उचललं. दारापाशी थांबून सरांना म्हणाले, “टेकाडाचं पुढच्या साली बघू,” आणि गेले.

पुढच्या साली परवानगी मिळाली नाही. त्यानंतरही नाही. आता तिथे पेरूची बाग आहे म्हणतात. सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्या टेकाडाबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि आमच्यात त्याचा विषय निघाला की ते उठून चहा करायला जातात. माळ पुण्यात आहे, कापडासकट. मी अजून वर्षातून एकदा ती बघायला जाते. ओवी यंदा पहिलीत गेली.

पण त्या सकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. सर व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी परातीवर ओलं फडकं पसरलं. ओवीला घ्यायला पुढे झाले तर जिजी म्हणाली, “ऱ्हाऊ दे. डोळा लागतोय तिचा. तू पाणी पी.”

“तुम्हाला पालखीला जायचं नाही?”

“हितं कोण बसंल मग?”

तिनं बाक खिडकीपाशी ओढायला लावला आणि खिडकीकडे पाठ करून, परात आणि खिडकी यांच्या मधोमध बसली. थोड्या वेळानं पालखी निघाली. शाळेवरूनच वाट होती. गजांतून मला दिसत होतं: पुढे लेझीम, मग पितांबर पांघरलेली पालखी, आत काय आहे कुणाला दिसत नव्हतं आणि सगळे हात जोडत होते. खांदा द्यायला कोण कोण होतं ते मला ओळखू येण्यासारखं नव्हतं. भाऊसाहेब पालखीच्या मागे होते, पुढे नव्हते. आरोळ्या इतक्या मोठ्या, की झोळीची दोरी थरथरत होती. ओवी दचकली तशी जिजीनं पदर ओढून तिला डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलं.

गर्दीतली एक बाई शाळेच्या आवारात शिरून खिडकीशी आली. डोक्यावर पदर, हातात मोबाइल, पाहुणी असावी. आत वाकून म्हणाली, “आजी, खरा राजकुमार हितंच ठिवलाय म्हणत्यात. एक फोटो काढू द्या की लांबून.”

जिजीनं मागे वळून बघितलं नाही. पदराआड तिचा हात संथपणे थोपटत होता.

“हितं कुणी न्हाई,” ती म्हणाली. “जा पुढं.”